मिनेट डिसिल्वा : मॅट्रिक नाही, मुंबईच्या कॉलेजातून काढलेली, आणि तरी पहिली

पागोळी

नमस्कार मंडळी. एरवी मी रोमातच (म्हणजे नुसती वाचत) असते, पण गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या ज्युनियर पोराशी वाद झाला तो अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा. झालं असं, आम्ही एका बंगल्याच्या ड्रॉइंगवर बसलो होतो, मधे चौक, वर कौलं, चौकाच्या कडेनं ओटी, आणि पोरगा म्हणाला मॅडम हे एकदम बावा स्टाईल झालं. म्हटलं अरे बाबा, चौक तुझ्या पणजीच्या वाड्यात पण होता. आणि आधुनिक घरात, काँक्रीटच्या खांबांबरोबर चौक आणायचा म्हणशील तर श्रीलंकेतच, तिथला गाजलेला आर्किटेक्ट जेफ्री बावा, त्याच्या आधी एका बाईनं आणून दाखवला होता. तर म्हणे कोण? पाच वर्षं आर्किटेक्चर शिकलेला मुलगा, नावच ऐकलेलं नाही. त्याला काय बोलणार, मलाही कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

तर मिनेट डिसिल्वा. जन्म १ फेब्रुवारी १९१८, कँडी, तेव्हाचं सिलोन. वडील जॉर्ज डिसिल्वा, सिंहली बौद्ध, वकील आणि राजकारणी. आई अ‍ॅग्नेस बर्गर, म्हणजे युरोपीय रक्ताचे स्थानिक ख्रिश्चन असतात त्यांच्यातली, आणि बाईंना मताचा हक्क पाहिजे म्हणून कमिशनपुढे जाऊन बोललेली. सिलोनमध्ये १९३१ ला सगळ्या बायकांना मत मिळालं, इंग्लंडनंतर तीनच वर्षांनी! अशा घरातली धाकटी. आजारपणात शाळा बुडाली, मॅट्रिक झालीच नाही. आणि या मुलीनं जाहीर केलं की मी आर्किटेक्ट होणार. सिलोनमध्ये शिकायची सोय नव्हती. वडील आणि मामा दोघंही तयार नव्हते, त्यांना पटवता पटवता कशीबशी १९३८ ला मुंबईत आली.

आता इथून आपला संबंध. मॅट्रिक नाही म्हणून थेट कॉलेजात प्रवेश नाही, मग मिस्त्री अँड भेडवार या फर्ममध्ये उमेदवारी. तिथं पेरीन मिस्त्री होती, मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून १९३६ ला आर्किटेक्चरचा डिप्लोमा घेतलेली, भारतातली पहिली बाई आर्किटेक्ट म्हणतात ती हीच. दोघींची मैत्री झाली. बरोबरीनं खाजगी क्लास, तोही कुणाचा तर ग. बा. म्हात्र्यांच्या संस्थेतला. हो तेच म्हात्रे, मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचं सूना महाल ज्यांचं. मग सरकारी आर्किटेक्चर स्कूलला नाव घातलं. बहीण अनिल मुंबईतच, पत्रकार, तिच्यामुळे लेखक मुल्कराज आनंद वगैरे मंडळींत ऊठबस.

मग आलं १९४२. गांधीजींना सोडा म्हणून निघालेल्या मोर्चात ही गेली. कॉलेजनं सांगितलं माफी लिहून दे. नाही दिली. काढून टाकलं.

मला या गोष्टीचं फार वाटतं. परक्या देशातली मुलगी, आधीच मॅट्रिक नाही म्हणून मागच्या दारानं आलेली, एक कागद लिहून दिला असता की डिप्लोमा हातात. ऑफिसात जागा होती, मैत्रीण होती. नाही लिहिला.

पुढचं रात्री टाकते, कुकर लावायचाय.

तिरकस_पेठकर

जागा राखीव. (आणि कुकर सांभाळा.)

टीस्क्वेअर

ताई भारी!! मी थर्ड इयरला आहे, आम्हाला हिस्टरीला बावा आहे, चार्ल्स कोरिया आहे, बाळकृष्ण दोशी आहेत. हे नाव सिलॅबसमध्ये नाहीच. पेरीन मिस्त्रींचं पण फक्त पहिली म्हणून एका ओळीत. त्यांनी बांधलं काय ते पण लिहा ना.

पागोळी

@टीस्क्वेअर, कारमायकल रोडवरचा सर बेहरामजी करंजियांचा बंगला, बोरिवलीची खटाव मिल, कंबाला हिलचं सेंट स्टीफन्स चर्च. घरच्याच फर्ममध्ये १९३७ ला भागीदार झाल्या आणि जवळजवळ पन्नास वर्षं काम केलं. त्यांच्यावर खरंतर वेगळा धागा पाहिजे, तू काढ.

तर पुढे. काढून टाकल्यावर ती बंगलोरला गेली, ओटो क्योनिग्सबर्गरच्या हाताखाली. हा जर्मनीतून नाझींमुळे निसटलेला आर्किटेक्ट, म्हैसूर संस्थानचा मुख्य आर्किटेक्ट झालेला, आणि टाटांसाठी जमशेदपूरचं काम करत होता. तिथं ही कारखान्यात तयार भाग करून जोडायच्या स्वस्त घरांवर होती. म्हणजे पुढं ती माती नि चटया करते म्हणून कुणी तिला खादी भांडारवाली समजू नये, सुरुवात प्रीफॅबपासून आहे.

मग लंडन. युद्ध संपलेलं, एए म्हणजे आर्किटेक्चरल असोसिएशनच्या स्कूलमध्ये शिक्षण, सैन्यातून परतलेल्या मुलांसाठी खास परीक्षा होती तिला बसायची सोय कुणाकुणाच्या ओळखीनं झाली, आणि १९४८ ला रिबाची, म्हणजे ब्रिटिश आर्किटेक्टांच्या रॉयल संस्थेची, असोसिएट. आशियातली पहिली बाई. त्याच्या आदल्या वर्षी ब्रिजवॉटरला आधुनिक आर्किटेक्टांची सीआयएएम परिषद झाली, तिथला फोटो शोधून बघा, सगळे कोट टाय, आणि मधे ही साडीत. आधुनिक वास्तुकलेतला मोठा आर्किटेक्ट ल कोर्ब्युझिए तिथलाच दोस्त, पत्रं शेवटपर्यंत चालू होती.

दरम्यान मुंबईत १९४६ ला 'मार्ग' सुरू झालं, मुल्कराज आनंद आणि अनिल पुढे, मिनेट आर्किटेक्चरच्या बाजूनं. आपण मार्ग म्हणजे नाच आणि मूर्तींचं जाड गुळगुळीत मासिक समजतो, पण ते नाव मुळात मॉडर्न आर्किटेक्चरल रिसर्च ग्रुपची आद्याक्षरं जोडून झालंय. मला हे कळलं तेव्हा मी चाळिशीची होते.

ओळंबा

मी कोल्हापूर भागात ३५ वर्षं बांधकामं घेतली आता मुलगा बघतो. लेख चांगला आहे पण ताई सगळं शिक्षणाचंच चाललंय, बाईंनी बांधलं काय ते सांगा. आर्किटेक्ट फोटोत कसे दिसतात त्याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही भिंतीला ओल येते का ते सांगा. चौक म्हटलं की पन्हाळी आली नि पन्हाळी आली की गळती आली.

पागोळी

@ओळंबा काका, रास्त बोललात :) तर घर.

१९४९ ला वडिलांनी परत बोलावलं, देश स्वतंत्र झालाय आता इकडे काम कर. आईवडिलांच्याच घरात कँडीला ऑफिस मांडलं. पहिलं काम करुणारत्ने यांचं घर, कँडीतच, घरच्यांच्या ओळखीतलं गिऱ्हाईक. प्लॉट असा की कुणीही कॉन्ट्रॅक्टर आधी जेसीबी (तेव्हा पन्नास बिगारी) लावून सपाट करेल. हिनं डोंगर कापला नाही, घरच उतरत नेलं, वेगवेगळ्या पातळ्यांवर, जिन्याची वळणं हीच घराची मधली जागा. काँक्रीटची फ्रेम, काचेच्या विटा, मोठ्या उघड्या गॅलऱ्या. इथपर्यंत कुणीही विलायत रिटर्न करेल. पण दारं बघा. दारांच्या चौकटीत फळी नाही, दुंबरा चटया बसवल्यात. कँडीजवळच्या दुंबरा खोऱ्यात विणकरांची गावं आहेत, घायपाताच्या जातीच्या झाडाचा धागा काढून रंगवून मागावर विणतात, त्याच्यावर हत्ती, पक्षी, नुसत्या रेघा. त्या चटया भिंतीला शोभेला टांगायच्या, हिनं दाराचं पॅनल केलं. कुंभारांकडून भाजलेल्या मातीच्या टाइल्स करून घेतल्या, त्यावर पिंपळपान. कठड्याला लाखेचं काम. आणि बैठकीच्या भिंतीवर जॉर्ज कीटचं म्युरल, तो तिकडचा मोठा चित्रकार, तोही कँडीचाच.

१९५१ ला घर झालं, १९५३ ला तिनं मार्गमध्ये त्यावर लिहिलं आणि या पद्धतीला नाव दिलं मॉडर्न रीजनल आर्किटेक्चर. पाश्चात्य प्राध्यापकांनी 'क्रिटिकल रीजनॅलिझम' म्हणून हाच विचार १९८० च्या आसपास मांडला आणि आम्ही तो परीक्षेला पाठ केला.

ओल येते का ते मला माहिती नाही काका, तुम्हीच जाऊन बघा :)

ओळंबा

काचेच्या विटा चालतील. चटईचं दार म्हणजे दुसऱ्या पावसात भोक. उंदीर.

तिरकस_पेठकर

छान लेख पण एक बाजू राहतेय म्हणून मी खलनायक होतो. बाप मंत्री, मामा डॉक्टर-वकिलांतले, बहीण मुंबईच्या विद्वानांत, लंडनला ओळखीनं परीक्षा, परत आल्यावर आईबापाच्या घरात ऑफिस आणि पहिलं गिऱ्हाईक आईबापांचं स्नेही. हिला पायोनियर म्हणायचं तर मग सामान्य घरातली पोरगी कुठं जाणार? ही वशिल्याची पायोनियर झाली. रागावू नका.

पागोळी

रागावत नाहीये, मामाचा धंदा मात्र तुम्ही तुमच्या मनानं घातलात. बाकी मान्यच आहे. त्या काळात ज्या बाया पहिल्या झाल्या त्या बहुतेक अशाच घरांतल्या. पेरीनबाईही बांधकामवाल्या घराण्यातल्याच. ज्या घरात वडिलांना पटवावं लागतं पण वडील पटू शकतात ती घरं. पण वशिल्यानं दार उघडतं हो, पुढचं बांधकाम वशिल्यानं उभं राहत नाही. वडील १९५० ला गेले, त्यानंतर बाई एकटी. भागीदार नाही, नवरा नाही, मोठ्या फर्मचं नाव नाही. कॉन्ट्रॅक्टरला, सरकारी साहेबाला, गिऱ्हाइकाला, सगळ्यांना दर वेळी पहिल्यापासून पटवायचं.

आणि हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझी तेवीस वर्षं झाली साइटवर. अजून स्लॅबच्या दिवशी सळईचं अंतर मी मोजते, चुकलेलं दाखवते, आणि सेंट्रिंगवाला ऐकून घेतो नि माझ्यामागे उभ्या असलेल्या विशीतल्या ट्रेनी मुलाकडे बघून विचारतो, काय करायचं साहेब? तो बिचारा माझ्याकडे बघतो. एकदा तर त्या मुलानं घाबरून हो म्हटलं आणि काँक्रीट पडलं. ती बीम तोडायला दोन दिवस गेले. हे एका चांगल्या मोठ्या गावात, २०१९ ला. तर १९४९ ला कँडीच्या डोंगरावर साडी नेसून, केसात फूल माळून एकटी उभी असलेली बाई काय ऐकत असेल कल्पना करा.

चहा_आणि_छत्री

बीमचा किस्सा वाचून हसावं की रडावं. +१

ओळंबा

ताई तुमचा सेंट्रिंगवाला चुकला. पण खरं सांगतो आमच्याकडनं पण झालंय असं. एक मॅडम यायच्या, त्यांचं ऐकायचो पण सही त्यांच्या मिस्टरांची घ्यायचो, ते बँकेत होते. आता लिहिताना वाईट वाटतंय.

राजांगण

गोव्याकडून रामराम. आमच्याकडे जुन्या हिंदू घरांत मधे चौक असतो त्याला राजांगण म्हणतात, तुळस तिथेच, म्हणून हे नाव घेतलंय. श्रीलंकेत काय म्हणतात? आणि बावाच्या आधी म्हणजे नक्की किती आधी ते तारखांसकट द्या कारण बावाचे भक्त खूप आहेत (मी पण).

पागोळी

@राजांगण, मिदुल म्हणतात. अंगण, चौक, तेच. आणि तारखा घ्या. कोलंबोतलं पीरिस हाउस, काम सुरू १९५२, पुरं १९५६. शहरातला प्लॉट, घर खांबांवर उचललेलं, खालून वारा आणि बाग आरपार, आणि आत मिदुल, म्हणजे कोर्ब्युझिएचे खांब आणि आजीचं अंगण एकाच घरात. बावा मुळात बॅरिस्टर, आर्किटेक्ट म्हणून पास झाला १९५७ ला. त्याचं चौकवालं प्रसिद्ध घर, एना डिसिल्वांचं, ते १९६० नंतरचं. (एना वेगळ्या, गोंधळू नका, तिकडे डिसिल्वा म्हणजे आपल्याकडचे जोशी.)

मी बावाला लहान करत नाहीये. त्याचं कंदलामा हॉटेल बघून मी पण गप्प झाले होते. त्याच्याकडे फर्म होती, माणसं होती, एका कल्पनेची चाळीस रूपं करायला तेवढी कामं मिळाली. हिला मोजकी मिळाली. आणि एक गोष्ट जरा जास्तच बोचते. उलरिक प्लेसनर नावाचा डॅनिश तरुण आर्किटेक्ट १९५८ ला सिलोनला आला तो मिनेटनं बोलावलं म्हणून, तिच्याकडे कँडीला काम करायला. काही महिन्यांत तो कोलंबोला गेला आणि बावाचा भागीदार झाला. बावाची सुरुवातीची गाजलेली कामं या जोडीची आहेत. हिच्या ऑफिसातून माणूस गेला, बरोबर काय काय गेलं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

तिरकस_पेठकर

किंवा बाई सांभाळायला अवघड असतील. असंही असतं.

पागोळी

असतील हो. पैशाचं वेळेचं गणित कच्चं होतं, हट्टी होत्या, असं त्यांचे चाहते पण सांगतात. मी पण त्यांच्या हाताखाली वर्षभर टिकले असते की नाही शंका आहे. पण पेठकर, आपल्या गावातले दोन अवघड आर्किटेक्ट आत्ता तुमच्या डोळ्यासमोर आले की नाही? त्यांच्या नावामागे लोक काय लावतात?

तिरकस_पेठकर

... सर.

टीस्क्वेअर

😂😂 पेठकरकाका क्लीन बोल्ड. ताई फक्त श्रीमंतांचे बंगलेच केले का त्यांनी? आमचे सर विचारतील सोशल हाउसिंग काय केलं.

पागोळी

सरांना वाटापुलुवा सांग. मला विचारशील तर तिचं सगळ्यात मोठं काम तेच, करुणारत्ने हाउसपेक्षा पण. कँडीजवळ सरकारी नोकरांसाठी वसाहत, १९५५ ते ५८, दोनशेच्या वर घरं. आपल्याकडे अशा कॉलनीत काय होतं, एक नकाशा काढायचा नि त्याच्या दोनशे झेरॉक्स मारायच्या, टाइप वन टाइप टू. हिनं आधी प्रश्नावली वाटली. घरात माणसं किती, जेवायला खाली बसता की टेबलावर, पाहुणे राहतात का, खर्च किती झेपतो. मग लोकांना बोलावून गप्पा मारल्या. त्यातून घरांचे बरेच नमुने काढले, लोकांनी आपापला निवडला, काहींनी अंगमेहनत घालून खर्च कमी केला. टेकडीचा उतार तसाच ठेवून रस्ते त्याच्या कलानं, झाडं होती ती ठेवली. राहायला सिंहली, तमिळ, मुसलमान, बर्गर सगळे शेजारी शेजारी. नंतर त्या देशात जे काय झालं ते आठवलं की हे वाक्य लिहिताना हात थांबतो.

आज ती वसाहत ओळखू येणार नाही म्हणतात, प्रत्येकानं वाढवलंय, पत्रे टाकलेत, मजले चढवलेत. मला त्याचं दुःख नाही वाटत खरंतर. लोकांना विचारून बांधलेलं घर लोक बदलणारच.

कोलंबोत ग्रेगरी रोडवर सेनानायके फ्लॅट्स पण केले त्याच सुमारास, अपार्टमेंट, पण प्रत्येक घराला वारा आणि झाडं.

भटकी_मंजू

थांबा थांबा. कँडीला तळ्याच्या काठी संध्याकाळी तो पारंपरिक नाच दाखवतात, शेवटी निखाऱ्यांवरून चालतात, ते आर्ट असोसिएशनचं सेंटर हिचंच का? आम्ही २०१७ ला गेलो होतो. मी दीड तास त्या बिल्डिंगमध्ये बसून फक्त नाचाचे व्हिडिओ काढलेत, एका फोटोत छप्पर नाही. एवढं आठवतंय की पाऊस आला तरी आत कोंदट झालं नाही आणि कौलांच्या कडेनं पाणी पडताना दिसत होतं.

पागोळी

@भटकी_मंजू तेच! १९८४ चं. म्हणजे बघ तू तिच्या वास्तूत बसून आलीस. आणि पाणी पडताना दिसत होतं ते अपघातानं नव्हे ग :) त्या रेषेला आपल्याकडे पागोळ्या म्हणतात.

ते तिचं शेवटचं मोठं काम. मधल्या काळाचं थोडक्यात सांगते, कारण तो वाचवत नाही. १९६० च्या आसपास कामं आटली, आई १९६१ ला गेली. मग ही हिंडत राहिली, ग्रीस, इराण, भारत, पाकिस्तान, जुन्या इमारतींचे फोटो काढत. बॅनिस्टर फ्लेचर नावाचं आर्किटेक्टांचं उशीएवढं जाड पुस्तक असतं, त्याच्या १९७५ च्या आवृत्तीत आपल्या भागाच्या वास्तुकलेवर तिनं लिहिलं. १९७५ ते ७९ हाँगकाँग विद्यापीठात आशियाई वास्तुकलेचा इतिहास शिकवला. परत येऊन ऑफिस पुन्हा उभं करायला गेली पण तोवर कोलंबोत दुसऱ्यांचं राज्य होतं. १९९६ ला देशातल्या आर्किटेक्टांच्या संस्थेनं सुवर्णपदक दिलं. २४ नोव्हेंबर १९९८ ला कँडीच्या हॉस्पिटलात गेली, जवळ पैसा नाही. आत्मचरित्राचा पहिला खंड त्याच वर्षीचा, दुसरा आलाच नाही. २०२२ ला न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात दक्षिण आशियावर प्रदर्शन झालं त्यात तिची कामं लागली.

चहा_आणि_छत्री

माझ्या डोक्यात त्या माफीचंच घोळतंय. लिहून दिली असती तर मुंबईतच राहिली असती ना? पेरीनबाईंबरोबर पार्टनर, मरीन लाइन्सला फ्लॅट, म्हातारपणी निदान पारशी शेजार.

पागोळी

हो आणि दुंबऱ्याच्या चटया दाराला कुणी लावल्या नसत्या. किंवा लावल्या असत्या, माहीम नाहीतर पेणकडच्या बुरुडांना धरून तट्ट्या लावल्या असत्या. कुणास ठाऊक. मी पण यावर दोन रात्री विचार केलाय नि नवऱ्याला झोपू दिलं नाहीये.

टीस्क्वेअर

ताई मी सेमिनारला हाच विषय घेतला!! सर म्हणाले आधी करुणारत्ने हाउसचं सेक्शन (उभा छेद) काढून आण, मग बोलू. रात्रभर तेच काढतेय, उतारावरचं सेक्शन काढताना कळतंय की प्लॅनमध्ये हे घर समजतच नाही.

पागोळी

काढ काढ. आणि काढून झालं की इथे टाक, ओळंबा काका तपासतील.

ओळंबा

तपासतो. ताई एक विचारायचं होतं. आमचं वरच्या मजल्याचं काम चाललंय, नातीची खोली आहे. फ्लश डोअर लावायचं ठरलं होतं. परवा घरी हे वाचून दाखवलं तर नात म्हणते आजोबा मला चटईचं दार पाहिजे. आता मी म्हणत होतो की आतल्या बाजूचं दार आहे, पावसाचा संबंध नाही, सागाची चौकट करून मधे चटई आणि मागनं बारीक जाळी मारली तर उंदीर पण लागत नाही. सावंतवाडीकडे घायपाताचा धागा काढणारं कुणी माहितीचं आहे का? रुंदी तीस इंच तरी पाहिजे, जोड चालणार नाही मला.

राजांगण

काका व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.